वाचकांचे प्रश्न : ‘हे डोक्यात गेलंय का?’

एचआयव्ही असलेल्यांच्या विसराळूपणावर या वेळी नाशिक परिसरातून इतकी पत्रं आली की सगळा कॉलम त्यालाच द्यायचा ठरवलं. ओळख पटेल असा तपशील काढून टाकलाय, बाकी मजकूर जवळजवळ तुमचाच.

प्रश्न : डॉक्टर, मी आणि माझे मिस्टर दोघंही 2011 पासून सिव्हिलच्या एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) सेंटरच्या गोळ्या घेतो, आजवर खंड नाही. त्यांचं वय 54, अंबड एमआयडीसीत स्टोअरला आहेत. गेल्या वर्षभरात ते फार स्लो झालेत. आधी मालाची एन्ट्री बोलता बोलता करायचे, आता तेच तीन तीनदा तपासतात आणि तरी चुकतं. बोलता बोलता मध्येच थांबतात, काय म्हणत होतो गं, असं मलाच विचारतात. मागे द्वारका सर्कलला सिग्नल हिरवा झाला तरी स्कूटर घेऊन उभेच, मागून सगळे हॉर्न मारतायत. व्हायरल लोडचा (रक्तात व्हायरस किती आहे त्याचा) रिपोर्ट एकदम क्लिअर आहे. शुगर आहे, त्याच्या गोळ्या पण चालू आहेत, आणि रात्री घोरणं इतकं की मी हॉलमध्ये जाऊन झोपते. सासूबाई म्हणतात वय झालं, माझी बहीण (तिला आमचं माहितीये) म्हणते ते आता डोक्यात गेलं, आणि एकाने सांगितलं की या गोळ्याच मेंदू खातात, बंद करा. काय खरं?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, गोळी बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. ज्याने कोणी हा सल्ला दिला त्याला चहा पाजा आणि विषय बदला. गोळी सुटली की व्हायरस परत वाढतो, अंगातली सूज वाढते आणि मेंदूला धोका असलाच तर तो तिथून असतो.

आता बहिणीच्या म्हणण्याबद्दल. एचआयव्ही मेंदूत जातो हे खरंच आहे, पण तो आत्ता गेला असं नसतं, लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर तिथे पोचलेला असतो, सगळ्यांच्याच. तिथे तो विचार करणाऱ्या नसपेशींमध्ये घुसत नाही, त्यांच्या आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये राहतो, त्या पेशी चिडतात, सूज आणणारी रसायनं सोडतात आणि त्याचा त्रास नसपेशींना होतो. 1986 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एड्समुळे होणाऱ्या डिमेन्शियाचं सविस्तर वर्णन केलं तेव्हा औषधच नव्हतं, माणसं काही महिन्यांत अंथरुणाला खिळायची. 1996 नंतर तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि तो प्रकार दुर्मिळ झाला. ज्याचा व्हायरल लोड वर्षानुवर्षं दबलेला आहे त्याच्यात आज जे दिसतं ते बहुतेक वेळा सौम्य असतं आणि खूप हळू सरकतं, कित्येकांत वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतं.

आणि त्याचा तोंडवळा पण वेगळा असतो बरं का. म्हातारपणातल्या अल्झायमरमध्ये माणूस सकाळी जेवलो हेच विसरतो, आठवण करून दिली तरी आठवत नाही. एचआयव्हीमुळे जे होतं त्यात आठवण असते पण ती काढायला वेळ लागतो, फोनमध्ये नंबर सेव्ह आहे पण सर्च फिरतंच राहतंय, असं काहीसं. शिवाय दोन कामं एकदम जमत नाहीत, लक्ष टिकत नाही, हात आणि चाल जरा मंद होते. तुमच्या पत्रातलं वर्णन या तोंडवळ्याशी जुळतं, हे मी लपवत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, तुमच्याच पत्रात अजून दोन संशयित आहेत आणि तुम्ही ते जाता जाता लिहून पुढे गेलात. एक शुगर, दुसरं घोरणं. आपल्याकडे एकदा एचआयव्हीचा शिक्का बसला की पुढचं सगळं त्याच्याच खात्यावर जातं, घरचेही तेच करतात आणि आमच्यातले बरेच डॉक्टरही, मग साधं, बरं होणारं कारण तसंच राहून जातं. शुगरसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतली की बी12 कमी होतं, त्यात माणूस शाकाहारी असेल तर विचारूच नका, आणि बी12 कमी म्हणजे विसरणं, मंदपणा, पायाला मुंग्या, सगळं आलं. इतकं जोरात घोरणाऱ्याचा श्वास रात्री मध्ये मध्ये अडकत असेल तर मेंदूला नीट झोपच मिळत नाही, तो दिवसा सिग्नलवर उभ्या उभ्या हरवणारच. तुम्ही हॉलमध्ये जाता त्याआधी एकदा अर्धा तास जागून बघा, घोरणं थांबून एकदम शांत होतं आणि मग दचकून श्वास घेतात का, आणि ते डॉक्टरांना सांगा.

म्हणून तपासण्या अशा : बी12, थायरॉईड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, किडनी-लिव्हर, सोडियम, व्हीडीआरएल (सिफिलिससुद्धा मेंदूत जाऊन असाच गोंधळ करतो आणि तो इंजेक्शनने बरा होतो), बीपी. यातलं बरंचसं सिव्हिललाच होतं. सोबत दोन प्रश्न स्पष्ट विचारून घ्यायचे, मन उदास असतं का, आणि पिणं किती. उदासीमध्ये माणूस हुबेहूब असाच स्लो दिसतो. पिण्याबद्दल म्हणाल तर आपल्या वाईनच्या गावात ‘रोज थोडी थोडी’ म्हणणारे मला रोज भेटतात आणि ती थोडी कधीच थोडी नसते.

अजून एक, एआरटीची अगदी पहिली पुस्तिका काढून बघा, सुरुवातीला सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती होता. तो एके काळी खूप खाली, दोनशेच्याही आत गेलेला असेल तर मेंदूला तेव्हाच थोडा मार बसलेला असू शकतो, आज सीडीफोर सातशे असला तरी. डॉक्टरांना हा आकडा हवाच असतो आणि पेशंट बहुतेक वेळा फक्त शेवटचा रिपोर्ट घेऊन येतात.

हे सगळं करूनही काही सापडलं नाही तर मग मेंदूच्या कामाची चाचणी. ओपीडीत मी 2005 साली आलेली इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल वापरतो, पाच मिनिटांत होते. आधी चार शब्द सांगायचे, कुत्रा, टोपी, घेवडा, लाल, हे लक्षात ठेवा म्हणायचं. मग ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पाच सेकंद जमेल तितक्या भरभर आणि मोठं उघडायचं-मिटायचं. मग टेबलावर आधी मूठ, मग पालथा पंजा, मग पंजा कडेवर उभा, हे ओळीने दहा सेकंद. इथे गंमत बघायला मिळते, सांगितलेलं सगळं कळलेलं असतं, पहिली दोन आवर्तनं छान होतात आणि मग मुठीनंतर परत मूठच येते, माणूस स्वतःच हसतो, थांबा थांबा डॉक्टर परत करतो म्हणतो, आणि परत तिथेच अडकतो. शेवटी ते चार शब्द विचारायचे. एकूण बारा गुण, दहा किंवा कमी आले तर पुढच्या सविस्तर चाचण्या, बस, एवढाच त्याचा अर्थ, निदान नव्हे. हात दुखत असेल, चष्मा विसरला असेल, रात्रभर झोप नसेल तरी गुण कमी येतात, त्यामुळे घरी यांची परीक्षा घेत बसू नका प्लीज. आज वार कोणता, आपण कुठे आहोत असली नेहमीची प्रश्नावली मात्र इथे फारशी कामाची नाही, सगळी उत्तरं बरोबर देऊन माणूस घरी जातो आणि एन्ट्री चुकतच राहते.

एचआयव्हीमुळेच आहे असं ठरलं तर? खास त्यासाठीची गोळी अजून नाही. व्हायरस दाबून ठेवणं, बीपी-शुगर ताब्यात, रोज घाम येईल असं चालणं, झोप, आणि कामाची पद्धत बदलणं, एका वेळी एकच एन्ट्री, कागदावर टिक, मध्ये फोन नाही. स्कूटर मात्र तपासणी होईपर्यंत बाजूला. यावर ते चिडतील, चिडू द्या, सिटीलिंक बसने जाऊ द्या चार दिवस.

प्रश्न : सर मी 26, गंगापूर रोडला राहतो, आयटीत आहे. आठ महिन्यांपूर्वी कळलं, लगेच टीएलडी ही एआरटीची गोळी चालू केली, व्हायरल लोड आता डिटेक्ट होत नाही. पण नेटवर वाचलं की एचआयव्ही असलेल्या निम्म्या लोकांना मेंदूचा प्रॉब्लेम होतो. तेव्हापासून मी रोज स्वतःला चेक करतो, पासवर्ड विसरलो तरी धस्स होतं. झोप तर गेलीच आहे. रात्री दहाला गोळी घेतो आणि दोनपर्यंत टक्क जागा.

उत्तर : मित्रा, तो निम्म्याचा आकडा कुठून आला ते सांगतो म्हणजे तुझी भीती अर्धी होईल. 2010 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, दीडेक हजार पेशंट होते. त्यात इतर मोठे आजार नसलेल्यांचे निकाल असे की डिमेन्शिया 2 टक्के, रोजच्या कामात थोडा अडथळा येईल असा सौम्य त्रास 12 टक्के, आणि 33 टक्के असे की ज्यांना स्वतःला काहीच त्रास नव्हता, फक्त चाचणीत गुण कमी आले होते. बेरीज करून हेडलाईन झाली निम्मे. त्या 33 टक्क्यांवर तेव्हापासून भांडण चालू आहे, कारण ती मोजपट्टी इतकी सैल आहे की एचआयव्ही नसलेल्या धडधाकट लोकांना लावली तरी त्यातले 15 ते 20 टक्के नापास होतात. 2023 मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानेच लिहिलं की नुसते कमी गुण म्हणजे मेंदूला इजा असं म्हणू नका, माणसाचं शिक्षण, भाषा, परिस्थिती, लक्षणं, बाकीचे आजार सगळं बघा. मला हे फार आधीच व्हायला हवं होतं असं वाटतं. सातवी शिकलेल्या येवल्याच्या माणसाला अमेरिकन कॉलेजवाल्याच्या सरासरीशी तोलायचं आणि मग तुझा मेंदू कमी म्हणायचं, हा कुठला न्याय? पुण्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या लोकांनी या चाचण्या मराठीत आणि हिंदीत करून इथल्याच लोकांवर वापरल्या त्या याचसाठी.

तू वाचलं असशील की भारतातला व्हायरस सी प्रकारचा आहे आणि तो मेंदूला कमी त्रास देतो. प्रयोगशाळेत तसं दिसलंय खरं, त्याच्या एका प्रोटीनमध्ये एक अमिनो आम्ल वेगळं आहे म्हणून. पण पुण्या-चेन्नईच्या पेशंटमध्ये त्रास सापडलेला आहे, त्यामुळे त्यावर फार विसंबू नकोस. तुझी खरी जमेची बाजू वेगळीच आहे, तुला लवकर कळलं, लगेच औषध चालू झालं, सीडीफोर फार खाली जायच्या आत. 2017 च्या आधी सीडीफोर ठरावीक आकड्याच्या खाली येईपर्यंत लोकांना थांबवून ठेवायचे, तुझ्यावर ती वेळ आली नाही.

आता झोप. टीएलडीमधला डी म्हणजे डोलुटेग्राविर, त्याने काही जणांची झोप उडते. एआरटी सेंटरला सांग आणि गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लाग, बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. 2020 च्या आधी इफाव्हिरेंझवाली गोळी असायची, रात्रीच घ्यायची, चित्रविचित्र स्वप्नं, चक्कर, सकाळी डोकं जड, म्हणून जुने पेशंट तुला रात्रीचीच वेळ सांगतील, ते त्यांच्या गोळीचं होतं, तुझ्या नव्हे. अॅसिडिटीचं पातळ औषध घेत असशील तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर गोळी पोटात नीट शोषली जात नाही. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या जेवणासोबत टीएलडीबरोबरच घेतल्या तर चालतात.

आणि रोज स्वतःला चेक करणं हे काळजीचं लक्षण आहे, मेंदूच्या आजाराचं नाही. आठ महिन्यांपूर्वी एवढी मोठी बातमी मिळालीये तुला, कोणाशी बोललास का? सेंटरच्या कौन्सेलरकडे जा, किंवा रात्री दोनला जागाच असतोस तर 14416 लाव, टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. उदास वाटत असेल, जगणं नको वाटत असेल तर तेही त्यांना स्पष्ट सांग, आणि सर्च हिस्टरी डिलीट कर बाबा.

प्रश्न : सातपूरच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. हल्ली रिअॅक्शन स्लो झालीये असं मलाच वाटतं, एकदा पॅलेट पाडलं. एचआरला माझं स्टेटस कळलं तर काढून टाकतील का? सांगावं का?

उत्तर : भाऊ, स्टेटस सांगायची सक्ती तुमच्यावर कोणीच करू शकत नाही, कोर्टाचा आदेश सोडून. एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात नुसत्या स्टेटसवरून कामावरून काढणं हा भेदभाव धरलाय. काढायचंच असेल तर तुम्ही ते काम करायला खरंच अनफिट आहात असं स्वतंत्र, पात्र डॉक्टरचं लेखी मत हवं आणि दुसरं सोयीचं काम का देता येत नाही ते मालकाने लेखी द्यायला हवं, दोन्हीची कॉपी तुमच्या हातात. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रार अधिकारी नेमायचा असतो, तुमच्याकडे कोण आहे विचारून ठेवा, कुणासाठी विचारता ते सांगायची गरज नाही. 1097 ही नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) फुकट हेल्पलाईन, तिथेही माहिती मिळते.

पण कायदा एकीकडे आणि फोर्कलिफ्ट एकीकडे. पॅलेट पडलं, उद्या कोणाचा पाय जाईल. वरच्या पत्रातल्या तपासण्या करून घ्या, तोवर सुपरवायझरला तब्येतीचं कारण सांगून स्टोअरमधलं बसून काम मागा. डॉक्टर सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न लिहिता ‘काही काळ मशीन चालवू नये’ एवढंच लिहून देऊ शकतात, मी स्वतः देतो.

प्रश्न : माझ्या सासूबाई (63, निफाड तालुका) बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्या लाईनच्या (पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्या की देतात त्या) गोळ्यांवर आहेत, नुकताच व्हायरल लोड चांगला आला. पण दोन महिन्यांत चाल बिघडलीये, भिंत धरून चालतात, बोलणं जड झालंय, भाजीत मीठ दोनदा टाकतात. डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात. गावात सगळे म्हणतात पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा होतो. आम्ही नाही म्हटलं. बरोबर केलं ना?

उत्तर : नाही ताई, परत जा आणि हो म्हणा, याच आठवड्यात. दोन महिन्यांत एवढा बदल म्हणजे हे वयाचं नाही आणि वर सांगितलेल्या हळू सरकणाऱ्या प्रकारातलंही नाही.

रक्तात व्हायरस नाही पण मेंदूच्या पाण्यात (तेच पाणी पाठीतून काढतात) आहे, असं काही जणांत होतं. रक्ताचा रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त असतात आणि आत तो वाढत असतो, कधी कधी औषधाला न जुमानणारा होऊन. दुसऱ्या लाईनमधल्या अॅटाझानाविर-रिटोनाविरवर असलेल्या भारतीय पेशंटमध्ये हे बरंच सापडलंय, ही औषधं मेंदूत कमी पोचतात. पाण्यात व्हायरल लोड जास्त निघाला तर औषध बदलतात, आणि वेळेत बदललं तर भिंत धरून चालणारी माणसं परत नीट चालायला लागलेली आहेत. त्याच पाण्यात टीबी आणि क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी पण तपासली जाते. पाण्याशिवाय यातलं काहीच पक्कं कळत नाही, आणि नुसतं अंदाजाने औषध बदलून बघू म्हणणं या वयात परवडणारं नाही.

लुळं होण्याबद्दल : सुई कमरेच्या खालच्या भागात जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. गावात ज्याला लुळं होताना पाहिलं तो आजारामुळे झाला होता, आणि पाणी काढलं ते आजार आधीच बळावला होता म्हणून. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं, उठलं की जास्त, पडून राहिलं की कमी. आधी स्कॅन करतील ते यासाठी की डोक्यात गाठ किंवा दाब नाही ना. आणि या सगळ्यात ताप, सततची डोकेदुखी, उलट्या, झटका किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी गाडी करून नाशिकला आणा. येताना गोळ्यांची पुस्तिका आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, ‘बीपीची छोटी पांढरी’ एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

प्रश्न : विसरायला होतं म्हणून रविवार कारंजावरून ब्राह्मीची बाटली आणली. एआरटीसोबत चालेल ना?

उत्तर : एआरटीच्या पेशंटमध्ये मेंदूचा हा त्रास ब्राह्मीने बरा होतो असा भक्कम पुरावा नाही, पण खरं सांगायचं तर डिमेन्शियाच्या मोठमोठ्या इंग्रजी गोळ्याही यात करून बघितल्या आणि फारसं काही हाती लागलं नाही, तेव्हा ब्राह्मीवरच राग नको. मला काळजी बाटलीतल्या बाकीच्या मालाची आहे. लोह, कॅल्शियम, कुठली तरी भस्मं असतील तर ती, विशेषतः रिकाम्या पोटी, टीएलडीच्या शोषणात आडवी येऊ शकतात, आणि लेबलच नसलेल्या पुड्या तर घेऊच नका. बाटली पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा सोबत न्या, सेंटरच्या फार्मासिस्टला लेबल दाखवा, तोवर झाकण लावून ठेवा.